सव्वाचार किलोचा चाप

ससा ओरडतो हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. एरवी तो मुका प्राणी. पण गोळी जिथे लागायला हवी तिथे न लागता मागच्या पायाला लागली की तो ओरडतो, आणि तो आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा असतो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, रीडिंगपासून अर्ध्या तासावरच्या एका शेतात, मी तो ऐकला. चाळीस पावलांवरून मारलेली गोळी माझीच होती. धावत जाऊन दुसऱ्या गोळीने मी त्याला सोडवलं आणि तिथेच ओल्या गवतात बसले. वाईट तर वाटतच होतं, पण त्याच्याही आधी मला संताप आला. ही रायफल नीट नाही, असं मी चार महिने सांगत होते. चार महिने लोक मला सांगत होते की रायफल उत्तम आहे, बोट वाईट आहे. आणि शेवटी मी त्यांचं खरं मानलं होतं.

मी मूळची नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होते आणि पॉइंट टू टूच्या, म्हणजे छोट्या गोळीच्या, रायफलीने बरी मारायची. बरी म्हणजे आमच्या तुकडीत मुलींत पहिली आणि मुलांनाही धरलं तर तिसरी. आमचे उस्ताद सैन्यातून आलेले सुभेदार होते. चाप खेचायचा नाही, दाबायचा, आणि गोळी सुटली की आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटलं पाहिजे, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की पुढे लग्न, नोकरी, इंग्लंड, सगळं झालं तरी ते विसरायला झालं नाही. रीडिंगला आम्ही नवऱ्याच्या नोकरीसाठी आलो. मग मीही एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या पुराव्यासकट लिहायच्या, आणि "आमच्याकडे तर नीट चालतंय" हे उत्तर ऐकून घ्यायचं, हा माझा धंदा. म्हणजे या प्रकाराची मला सवय असायला हवी होती.

इतक्या वर्षांनी पुन्हा रायफल हातात आली ती शनिवारच्या बाजारातल्या एका बाईंमुळे. सत्तरी ओलांडलेल्या या बाई फळझाडांची रोपं विकायच्या. मी सफरचंदाचं एक रोप घेतलं, तेव्हा ससे रोपांची साल कशी कुरतडून टाकतात, एका हिवाळ्यात किती ओळी मेल्या, हे त्यांनी सांगितलं. नवरा होता तोवर तो ससे मारायचा. आता कुणी नाही. मी सहज म्हणाले की मला रायफल चालवता येते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, मग या. एवढंच. या सगळ्या गोष्टीत माझ्या शब्दावर पहिल्याच फटक्यात विश्वास ठेवणारी व्यक्ती तीच.

या देशात रायफल घेणं सोपं नाही, आणि नसावंच. अर्ज, डॉक्टरांचं पत्र, ओळखीच्या दोघांची हमी, भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट. पोलिसांचा माणूस घरी आला. सभ्य होता, चहा घेतला. फक्त प्रश्न मला विचारायचा आणि उत्तरासाठी नवऱ्याकडे बघायचा. रायफल कुणाला हवी आहे, हे नवऱ्याने त्याला दोनदा सांगितलं. तरी परवाना आला, वेळेवर आला, माझ्या नावाने आला. तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती दुकानापासून. गावाबाहेरचं बंदुकांचं मोठं दुकान. मला सशांसाठी, पन्नास पावलांच्या आत वापरायला, एक साधी पॉइंट टू टू हवी होती. दुकानदाराने एक सेकंडहँड रायफल काढून दिली. लाकडी दस्ता, छोटी नळी, माझ्या उंचीला बरोबर. मी ती रिकामी आहे हे तपासलं, भिंतीकडे धरली आणि चाप दाबला. काही झालं नाही. मला वाटलं सेफ्टी लागली आहे. नव्हती. पुन्हा दाबला, आणखी दाबला, आणि बोटाचं पेर पांढरं पडल्यावर मग कुठे खट झालं. तोवर नळीचं टोक हाताएवढं डावीकडे गेलं होतं.

ट्रिगर फार जड आहे, असं मी म्हणाले. तो हसला. शिकारीच्या रायफलीचा ट्रिगर असाच असतो, म्हणाला, सुरक्षिततेसाठी. बायकांच्या बोटांना सुरुवातीला जड वाटतो, मग सवय होते. मोजायचा काटा आहे का, मी विचारलं. काटा होता, वर्कशॉपमध्ये, पण त्याची गरज नव्हती, कारण आजवर कुणाची तक्रार आली नव्हती. मी रायफल घेतली. कामावर कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी ते बग म्हणून नोंदवलं असतं. दुकानात मात्र मी मान डोलावली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि दुकानदार अगदी गोड बोलत होता, एवढंच आठवतं.

नेमबाजीच्या क्लबमध्ये मला शिकवायला एक आजोबा मिळाले. पंचाहत्तरीचे, ताठ, जन्मभर सुतारकाम आणि चाळीस वर्षं नेमबाजी केलेले. सगळे त्यांना कोच म्हणायचे. पन्नास यार्डांवर कागद लावून मी पाच गोळ्या झाडल्या. पाच भोकं बशीएवढ्या जागेत पसरली, बहुतेक डावीकडे खाली. कोचनी दुर्बिणीतून पाहिलं आणि निदान करून टाकलं: मी चाप हिसकते. मी म्हणाले, हिसकावा लागतो, तुम्ही दाबून बघा. त्यांनी दाबला, त्यांच्या सुताराच्या हाताला तो दबला, आणि ते म्हणाले, "इट्स युअर फिंगर, लव्ह. रायफलीला काही झालेलं नाही."

हे वाक्य मी पुढे चार महिने ऐकलं. कधी कोचकडून, कधी शेजारच्या टेबलावरून. एकाने सुचवलं की आधी एअर रायफलवर सराव करावा. दुसऱ्याने व्यायामाचा रबरी चेंडू आणून दिला, बोटांत ताकद यावी म्हणून. त्या माणसाने तो खरंच मायेने आणला होता, म्हणून मला थँक्यू म्हणावं लागलं. मी रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं खोटं काडतूस घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायची आणि चाप दाबायची. नवरा सोफ्यावरून बघत असायचा. एकदा तो म्हणाला, "असेल गं तुझंच बोट. एवढे सगळे म्हणतायत तर." मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

खरं म्हणजे पुरावा माझ्या समोर होता. एकदा क्लबची टार्गेट रायफल मोकळी होती, ती मी मागून घेतली. पाच गोळ्या, पाचही अंगठ्याच्या नखाखाली झाकल्या जातील अशा. मी कागद कोचकडे नेला. ते खूश झाले. म्हणाले, टार्गेट रायफल सोपी असते, चुका पोटात घालते. खरी परीक्षा तुझ्या रायफलवर. मी विचारलं, तेच बोट या रायफलवर इतकं शहाणं कसं झालं? ते म्हणाले, तू फार विचार करतेस. मैदानात गेलीस की विसरशील. कागद माणसाला घाबरवतो, शेतात हात मोकळा होतो.

त्यानंतरच्या रविवारी माझ्या रायफलचा एक ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, जरा बरा आला, कपाएवढा. कोचनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, तू तयार आहेस. मी शेतावर गेले. पुढचं सांगून झालं आहे.

बाईंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण त्यांच्या जमिनीवर झालं होतं. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या हातूनही असं झालं होतं, तो आठवडाभर गप्प होता. मग त्यांनी विचारलं, चूक कशामुळे झाली. बोटामुळे, मी सांगणार होते. तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर येईना. मी म्हणाले, मला माहीत नाही. शोधते.

घरी आल्यावर मी तेच केलं जे कामावर केलं असतं. मोजलं. आमच्याकडे सामान तोलायचा हातातला काटा आहे. इथल्या प्रत्येक भारतीय घरात असतो, विमानाच्या बॅगेला तेवीस किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, नवऱ्यालाही दाखवलं. काट्याचा हूक चापात अडकवला आणि सरळ मागे ओढला. दहा वेळा. नवरा आकडे लिहून घेत होता. सगळे चार किलो आणि साडेचार किलो यांच्यामधले, सरासरी सव्वाचार. पुढच्या रविवारी कुणाला न सांगता क्लबची टार्गेट रायफल तशीच मोजली. तिचा चाप एक किलोच्याही आत.

मग मला एक गोष्ट सुचली आणि मी माझी अख्खी रायफल, तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीसकट, त्याच काट्याला लावली. तीन किलो शंभर. म्हणजे चाप ओढायला रायफलच्या वजनाहून जास्त जोर लागत होता. नवरा पेन खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, "सॉरी. मी उगाच बोललो." या प्रकरणात न मागता मिळालेली ती पहिली माफी.

शनिवारी मी दुकानात गेले. दुकानदाराने बोल्ट, म्हणजे काडतूस भरायची मागची दांडी, उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री केली, मीही केली. मग मी बोल्ट बंद केला, नळी जमिनीकडे ठेवून काट्याचा हूक चापात अडकवला आणि काटा वर उचलला. रायफल काउंटरवरून उठली आणि चापाला लटकून राहिली. खट नाही, काही नाही. लोखंडी पाटीसारखी लोंबत राहिली. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांतला एक आपणहून जवळ आला आणि वाकून बघू लागला.

मी म्हणाले, "तुम्ही म्हणालात की हे बायकांच्या बोटांना जड वाटतं. हे तुमच्या रायफललाही जड वाटतंय."

मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. तसं काही झालं नाही. त्याने शांतपणे रायफल काट्यावरून काढून घेतली आणि म्हणाला की सामानाचा काटा हे काही प्रमाणित साधन नाही. मग तुमचा आणा, मी म्हणाले. वर्कशॉपचा माणूस सुट्टीवर होता. शिवाय सेकंडहँड माल जसा दिसतो तसा विकलेला असतो. तसं म्हणून या देशात दुकानदाराला हात झटकता येत नाहीत, हे मला माहीत होतं आणि मी ते म्हटलंही. तर तो म्हणाला, मॅडम, आवाज चढवू नका. मी आवाज चढवला नव्हता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात खालच्या पट्टीतली वाक्यं मी त्या दिवशी बोलले. तो जवळ येऊन बघणारा माणूस म्हणाला, तिने आवाज चढवलेला नाही. मग तोही निघून गेला.

दुकानदाराने परत घेतो म्हटलं असतं तरी मी रायफल दिली नसती. तो ती दुसऱ्या कुणाला तरी विकणार होता.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे सासरे लेस्टरला राहतात. त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याने एका गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं, नाव दिलं. लेस्टरच्या पलीकडे एका खेड्यात घरामागच्या शेडमध्ये त्याचं लायसन्स असलेलं वर्कशॉप होतं. पन्नाशीतला, चष्मा कपाळावर, कमी बोलणारा. मी सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. चार महिन्यांत सांगून सांगून तो पाठ झाला होता. त्याने हात वर करून थांबवलं. मला वाटलं, झालं, हाही. पण त्याने ड्रॉवरमधून ट्रिगर मोजायचा खास काटा काढला, पाच वेळा ओढला, पाचही आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या बॅगेच्या काट्यात आणि त्याच्यात मूठभर शेंगदाण्यांचा फरक होता.

"चूक तुमच्या बोटाची आहे हे कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी, मी म्हणाले. आणि मला रडू आलं. बंदुकीच्या वर्कशॉपमध्ये, एका अनोळखी माणसासमोर. त्याने रॅक नीट करायला पाठ वळवली, किटली लावली, आणि मी डोळे पुसेपर्यंत वळला नाही.

ट्रिगर उघडल्यावर त्याने मला बोलावून दाखवलं. आत या रायफलची स्प्रिंगच नव्हती. कुणीतरी कधीतरी दुसऱ्याच कुठल्या रायफलची जाड स्प्रिंग कोंबून बसवली होती. त्यावर जुनं तेल सुकून गुळाच्या पाकासारखं चिकट झालं होतं. दस्त्याचा पुढचा स्क्रूही सैल होता, त्यामुळे प्रत्येक गोळीला नळी वेगळ्या जागी बसत होती. म्हणजे जिला काही झालेलं नव्हतं तिच्यात तीन गोष्टी झालेल्या होत्या, आणि त्यातली एकही बघायला वर्षभराचं शिक्षण लागत नव्हतं. स्क्रू तर कुणीही बोटाने हलवून पाहिला असता.

त्याने कंपनीची मूळ स्प्रिंग मागवली. आठवड्याने मी परत गेले. चाप आता दीड किलोवर होता आणि काच तुटावी तसा स्वच्छ सुटत होता. मी म्हणाले, आणखी हलका करा, क्लबच्या रायफलसारखा. तो नाही म्हणाला. माझा पारा चढायला लागला, सवयीने. पण त्याने कारण सांगितलं. टार्गेट रायफल टेबलावर असते. ही घेऊन मी चिखलात चालणार, थंडीत बधिर बोटांनी धरणार, कुंपणाशी वाकणार. तिथे फार हलका चाप म्हणजे नको तेव्हा सुटलेली गोळी. मग त्याने रिकामी रायफल बोल्ट ओढून रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोकली, चाप आपोआप सुटत नाही हे मला दाखवलं, आणि मगच हातात दिली. जाताना म्हणाला की तीन-चार कंपन्यांची काडतुसं थोडी थोडी घेऊन बघा, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. गाडी चालवत घरी येताना माझ्या लक्षात आलं की चार महिन्यांत मला 'नाही' पुष्कळांनी ऐकवलं, पण त्याच्यामागचं कारण पहिल्यांदाच मिळालं होतं.

रविवारी क्लबात पाच गोळ्या झाडल्या. चार एकमेकींना चिकटून, पाचवी बोटभर बाजूला. ती पाचवी माझी होती, मला सुटतानाच कळलं होतं. कोच दुर्बिणीतून बघत होते. चेहरा उजळला, खरोखर आनंद झाला त्यांना. मला म्हणाले, "बघ. सराव केल्यावर येतंच."

मला वाटलं आता मी किंचाळेन. मी किंचाळले नाही. मी त्यांना गनस्मिथचा कागद दिला, त्यावर आधीचे आकडे, नंतरचे आकडे, स्प्रिंगबद्दल दोन ओळी. आणि पाकिटातून ती जाड स्प्रिंग काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मी म्हणाले, हा माझा सराव. त्यांनी ती बोटांत धरून दाबून पाहिली. मग मला परत दिली आणि चहाच्या खोलीत गेले.

दुकानदाराला मी पत्र लिहिलं, सोबत कागदाची प्रत. उत्तर आलं तीन ओळींचं. आमच्या सेवेबद्दल तुम्हाला असं वाटलं याबद्दल त्यांना खेद होता. मला वाटलं याबद्दल. स्प्रिंगबद्दल नाही. मी ते उत्तर फ्रिजवर लावलं होतं. नवऱ्याने महिन्याभराने काढून टाकलं, कारण दूध घेताना रोज माझा चेहरा बघून त्याला कंटाळा आला होता.

क्लबच्या कमिटीला मी लेखी सुचवलं की काटा विकत घ्यावा आणि नवीन सभासद कुठलीही सेकंडहँड रायफल आणेल तिचा चाप आणि स्क्रू आधी तपासावा, मग बोटाबद्दल बोलावं. पुढच्या सभेत काटा घ्यायचं ठरलंसुद्धा. मी त्या दिवशी ऑफिसच्या कामात अडकले होते. नंतर सभेचा वृत्तांत ईमेलने आला. त्यात लिहिलं होतं की कोचच्या सूचनेवरून काटा घेण्याचं ठरलं.

मी सेक्रेटरीला फोन केला. ती म्हणाली, लिहिताना गडबड झाली असेल, शिवाय काटा आला हे महत्त्वाचं, नाही का? मी म्हणाले, नाही. हे मी अगदी शांतपणे म्हणाले आणि पुढच्या सभेला गेले, पावसात, ऑफिसातून थेट. वृत्तांत मंजूर करायचा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला. पण माझ्या आधी कोच उठले. खुर्चीला धरून उभे राहिले.

"ते दुरुस्त करा," ते म्हणाले. "सूचना हिची आहे. मी तिला चार महिने तिचं बोट वाईट आहे म्हणून सांगत होतो."

सेक्रेटरीने पेनाने एक ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली. कोच खाली बसले आणि समोरच्या बिस्किटांच्या डिशकडे बघत राहिले.

त्यांच्याबद्दलचा माझा राग त्या दिवशी बराचसा उतरला, सगळा नाही. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. त्यांची स्वतःची रायफल तीस वर्षं जुनी आहे, म्हणाले, आणि अलीकडे गोळ्या डावीकडे जायला लागल्या आहेत. वयामुळे असेल असं ते धरून चालले होते. रविवारी नवा काटा घेऊन जरा बघशील का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बघते, पण आधी स्क्रू.